शून्यसाहेबांचं शून्य

जगातली बाकीची माणसं काहीतरी मिळावं म्हणून राबतात. त्या प्रयोगशाळेतली सात माणसं मात्र सात वर्षं शून्य मिळावं म्हणून राबत होती. हसू नका. त्यात त्यांची लग्नं लांबली, दोघांचे केस गेले आणि एकाची तर बायको माहेरी जाऊन कंटाळून परतसुद्धा आली, तरी याच्या ते लक्षात आलं नाही.

तर शून्य कसलं, ते आधी सांगतो, नाहीतर पुढे तुम्ही माझ्याच डोक्यावर मिरे वाटाल. साध्या तारेतून वीज जाते तेव्हा ती थोडी अडते, आणि अडली की तार तापते. पण काही पदार्थ असे असतात की त्यांना हाडं गोठवणारा गारवा दिला की ते वीज अडवायचंच विसरतात. त्यांना अतिवाहक म्हणतात. आता जहाजात बघा, जनरेटर एका टोकाला, मोटर दुसऱ्या टोकाला, आणि मधे इतके जिने, भोकं, पाइप आणि कोपरे की मांजरानेही विचार करून जावं. तिथे मांडीएवढ्या जाड तांब्याच्या केबली ओढत न्यायच्या म्हणजे जिवाचे हाल. त्यांच्या जागी मनगटाएवढी एक अतिवाहक केबल बसली तर कोणाला नको आहे?

पण ती वळली पाहिजे ना! पहिली केबल वळायला तयारच होईना. दुसरी वळली आणि तशीच रुसून बसली. तिसरीच्या आतली पट्टी वळवताना कट्कन मोडली, आणि ज्याच्या हातात मोडली तो दोन दिवस धड जेवला नाही. सहावी मात्र अंगणातल्या पाण्याच्या नळीसारखी गुमान वळली. नळीत नळी, दोन्ही लवचिक पोलादाच्या, मधली हवा काढून टाकलेली, आणि आतून खळखळत जाणारा द्रवरूप नायट्रोजन. थोडक्यात, वाकणारा लांबलचक थर्मास.

उरला कनेक्टर. चाळीस मीटरची केबल जहाजात एका तुकड्यात जात नाही. तुकडे करावे लागतात, आणि तुकडे केले की जोडावे लागतात. जोड आला की आली डोकेदुखी, कारण दोन टोकं जिथे एकमेकांना टेकतात तिथे वीज थोडी तरी अडतेच. जहाजवाल्यांनी अट घातली होती, एका ओहमचे शंभर कोटी भाग करा, त्यातले शंभर भाग अडथळा चालेल, त्याहून जास्त नको. त्यांच्या मते शंभर म्हणजे फार उदार मन. प्रयोगशाळेच्या कनेक्टरचा आकडा कधी चार हजार यायचा, कधी सहा हजार. आणि प्रयोगशाळेच्या साहेबांना तर शंभरही नको होते. त्यांना शून्यच हवं होतं. तसा हट्टच होता म्हणा ना.

या साहेबांचा मेहुणा म्हणजे आपल्या गोष्टीतला माणूस. वय एक्केचाळीस, हुद्दा फिटर, राहायला बहिणीच्या घरात वरच्या खोलीत. सगळे त्याला टापटीप म्हणत. कारण विचारायची गरजच पडायची नाही. त्याच्या टेबलावरचे पेचकस उंचीप्रमाणे रांगेत उभे असायचे. कापलेल्या वायरीचा बोटभर तुकडासुद्धा तो टाकायचा नाही. छोट्या डबीत ठेवायचा आणि डबीवर चिठ्ठी लावायचा, काय, कुठून, कधी आणि का. अशा त्याच्याकडे सातशेच्या वर डब्या होत्या. ताई म्हणायची, "अरे, याच्यापेक्षा तू दारू पीत असतास तरी लोकांना समजावता आलं असतं."

त्याला नोकरी लागली ती ताईमुळे. पण टिकली ती हातामुळे, हे साहेबही मान्य करायचे, अर्थात घरात नाही. घरात साहेब म्हणजे नुसता जाळ. आकडा पाच हजार आला की आमटी खारट, सहा हजार आला की चहा गार, आणि एकदा नऊ हजार आला तेव्हा त्यांनी चमचा भिंतीवर फेकला. तो खाली पडला तर "हासुद्धा नीट लागला नाही" म्हणून पुन्हा फेकला. सात वर्षं ताईने हे सोसलं.

आणि मग एके दिवशी दुपारी साडेतीनला शून्य आलं.

मीटरवर लख्ख शून्य! वीज वाढवली, शून्य. आणखी वाढवली, तरी शून्य. चष्मेवाली मदतनीस दबकत म्हणाली, "सर, जोडावर थोडं तरी दिसायला हवं ना? पुन्हा एकदा सगळं उघडून मोजू या का?" साहेब गरजले, "इतकं कमी आहे की मीटरला दिसत नाही! उघडायचं नाही! याला आता कोणी बोटसुद्धा लावायचं नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टापटीपने तर इतक्या वाजवल्या की हात लाल झाले.

त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं शून्यसाहेब, आणि ते त्यांना मनापासून आवडलं. कनेक्टर त्यांनी काचेच्या पेटीत ठेवला, मीटरसकट. सगळ्यांसाठी कप बनवून घेतले, कपावर शून्य. केबिनच्या दारावर शून्य. शेजाऱ्याने विचारलं, "कसं काय?" तर म्हणायचे, "शून्य!" आणि स्वतःच खो खो हसायचे. शेजाऱ्याने दोन दिवसांनी ताईला हळूच विचारलं, की सगळं ठीक आहे ना. ठीक? अहो, घराचं सोनं झालं होतं! माणूस गुणगुणायला लागला. आमटीला दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागला. एका रविवारी तर "तू बस, मी भांडी पुसतो" म्हणाला, आणि ताईला खुर्ची धरून बसावं लागलं.

दोन महिन्यांनी जहाजावरच्या चाचणीचा दिवस ठरला. चाचणी सोमवारी. शनिवारी टापटीप सामान बांधत होता, आणि सवयीप्रमाणे कपाटातल्या डब्या तारखेप्रमाणे लावत होता. सातशे बारा नंबरची डबी हातात आली. वर त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "कनेक्टरमधून बाहेर आलेल्या दोन बारीक वायरी. लोंबत होत्या. फोटोत वाईट दिसतील म्हणून कापल्या. मीटरकडची उघडी टोकं एकमेकांना पीळ घालून टेपखाली नीट दडवली." आणि तारीख? शून्याच्या दिवसाची! वेळसुद्धा होती. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

टापटीप खाली बसला. फरशीवरच बसला, रुमाल न अंथरता, यावरून काय ते समजा.

त्या दिवशी सकाळी साहेब म्हणाले होते, "दुपारी फोटोवाला येतोय, जरा आवरून ठेव." त्याने आवरलं. एक वायर या अर्ध्यातून, एक त्या अर्ध्यातून, दोन्ही गांडुळांसारख्या लोंबत होत्या. त्या वायरींमधूनच मीटरला जोडाची खबर कळायची. त्या कापल्यावर मीटरला कळणार काय, कपाळ? दोन टोकांना पीळ घातलेला, म्हणजे मीटर बिचारं आपलंच शेपूट मोजत होतं, आणि आपल्या शेपटात काही अडत नाही असं इमानदारीने सांगत होतं. दोन महिने सगळे ज्या शून्यातून चहा पीत होते, ते त्याच्या कात्रीतून आलं होतं.

खरा आकडा किती होता? शंभर? सहा हजार? कोणालाच माहीत नव्हतं. कमी असला तर ठीक. पण जास्त असला तर भर समुद्रात जोड तापणार, नायट्रोजन उकळून जाणार, मोटर बंद पडणार, आणि वादळ असलं तर त्या जहाजावरच्या बत्तीस माणसांचं काय होणार? आणि सांगावं, तर भावोजींचं काय होणार?

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्याने ताईला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. ताईने पदर तोंडाला लावला. दाराच्या फटीतून बघितलं. बाहेर साहेब ताटं पुसत गुणगुणत होते.

"गप्प बस," ताई म्हणाली. "आयुष्यभर गप्प बस. मी तुला जन्मभर पोसते."

"ताई, जहाजावर माणसं आहेत गं."

"किती?"

"बत्तीस."

ताईने क्षणभर विचार केला. खरंच केला, खोटं कशाला बोला! सात वर्षं चमचे चुकवलेली बाई होती ती. मग डोळे पुसून म्हणाली, "सांग बाबा. सांगावंच लागेल. पण चार पातेली राहिलीयत, तेवढी पुसून होऊ दे त्यांची."

चार पातेली पुसून झाली. टापटीप घसा खाकरून पुढे झाला. "भावोजी, एक बोलायचं होतं."

"मलाही!" साहेबांनी फडकं खांद्यावर टाकून त्याचे दोन्ही हात धरले. "उद्या जहाजावर सगळ्यांसमोर मी सांगणार आहे. हे शून्य माझं नाही. हे माझ्या मेहुण्याच्या हातांचं आहे! सात वर्षं मी तुला घरात घालून पाडून बोललो. पण तू हात लावला नसतास तर हे शून्य आलंच नसतं."

आता याच्यावर माणूस काय बोलणार? शब्द न् शब्द खरा होता. टापटीप वळून पुसलेली पातेली उंचीप्रमाणे लावायला लागला. ताईने कपाळाला हात लावला, आणि साहेबांना वाटलं की तिला गहिवरून आलं.

सोमवारी सकाळी सगळे बंदरात. जहाजाच्या पोटातली ती खोली म्हणजे खोली म्हणणंच चूक, कपाट होतं ते. साहेब, मीटर, टापटीप, डोक्यावर पाइप, पायाखाली पाइप, आणि जहाजाच्या चीफ इंजिनिअर बाई. बाईंचा देह दणकट, हातात कोपरापर्यंतचे जाड हातमोजे, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने सरळ उभंच राहावं. बाकीच्या पाच जणांना त्यांनी वर डेकवरच थांबवलं होतं. "खाली हवा आहे तिघांपुरती," एवढंच म्हणाल्या.

"समुद्रात हे मला एकटीने जोडायचंय, जहाज डोलताना, पाठीवर पडून," बाई म्हणाल्या. "तेव्हा आत्ताही मीच जोडणार. शहाणपण कोणी शिकवायचं नाही."

आणि त्या पाइपांखाली पाठीवर सरकल्या. बाहेर राहिले फक्त बूट. आतून आवाज आला, कनेक्टरचे दोन अर्धे एकमेकांत बसल्याचा. मग जोड आवळणारी दांडी ओढल्याचा खटका. एक. दोन. मग बाईंचा गुडघा पाइपाला लागला, आणि त्यांनी त्या पाइपाच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. "झालं!" त्या ओरडल्या. पन्नास सेकंद. साहेबांनी अभिमानाने घड्याळ थांबवलं.

नायट्रोजन सोडला. पांढरं धुकं पायात घोटाळायला लागलं. केबल गार व्हायला दोन तास, आणि ते दोन तास बाई तिथेच पडून राहिल्या, कारण बाहेर येणं हेसुद्धा अर्ध्या तासाचं काम होतं. टापटीपच्या खिशात सातशे बारा नंबरची डबी. दर दहा मिनिटांनी तो तोंड उघडायचा, आणि दर वेळी साहेब त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "घाबरू नकोस रे, शून्य कुठे पळून जातंय!"

शेवटी साहेबांनी मीटर मांडीवर घेतलं. "बाई, आकडा आत्ताच सांगून ठेवतो. शून्य. आणि हे शून्य..."

"भावोजी, ते शून्य खोटं आहे!"

बोलला. बोलून टाकलं एकदाचं! आणि तोंड उघडलंच आहे म्हणून सगळंच बाहेर आलं, फोटोवाला, कात्री, पीळ, टेप. पुरावा म्हणून त्याने डबी पुढे केली, आणि चिठ्ठी वाचूनसुद्धा दाखवली, तारीख-वेळेसकट. अंगात मुरलेली सवय, दुसरं काय.

साहेबांचा चेहरा धुक्यात आधी पांढरा झाला, मग आणखी पांढरा. शेवटी म्हणाले, "फोटो तरी चांगला आला होता का?"

"छान आला होता, भावोजी."

"तुमचा फोटो घाला चुलीत!" पाइपांखालून गर्जना झाली. "वायरी आहेत का त्या? मग जोडा आणि मोजा! मी इथे थिजतेय!"

टापटीप कामाला लागला. जिभेचं काम त्याला कधी जमलं नव्हतं, पण टेपखालचा पीळ सोडवून त्याने सोल्डरचे टाके नीट बसवले. एक वायर या अर्ध्याला, एक त्या अर्ध्याला. दोन महिन्यांत मीटर पहिल्यांदाच खरं बोलणार होतं. वीज सोडली, हळूहळू वाढवली, आणि आकडा आला.

नऊ हजार दोनशे. आणि चढतोय!

कनेक्टरच्या पोटातून खदखद ऐकू यायला लागली. "बंद!" बाई ओरडल्या. वीज बंद केली. साहेब भिंतीला टेकले. भिंत नव्हतीच, पाइप होता, तरी टेकले. "सात वर्षं," ते पुटपुटले. "नऊ हजार."

पण टापटीप त्यांच्याकडे बघत नव्हता. त्याचं लक्ष पाइपांच्या फटीतून दांडीकडे गेलं होतं. ती त्याला तिरकी दिसत होती. आता तिरकी वस्तू दिसली की त्याच्या अंगावर काटा यायचा, हे घरात सगळ्यांनाच माहीत. दांडी सरळ रेषेत नव्हती. अगदी बोटभर अलीकडे थांबली होती.

"बाई," तो म्हणाला, "खटके किती झाले?"

"दोन."

"तीन हवेत. गुडघा लागला ना तुम्हाला, त्यात एक राहिला."

मग बाई कोणाला म्हणाल्या कोण जाणे, "बोटभर तिरकं आहे आणि शून्य दाखवणार होतं ते मढं मीटर!" आणि दोन्ही पाय पाइपाला रोवून त्यांनी दांडी ओढली. खट्! जहाजाला ऐकू जाईल असा खटका बसला.

वीज सोडली. पाचशे अँपिअर. हजार. दोन हजार. साहेबांनी डोळे मिटून घेतले होते, म्हणून टापटीपनेच वाचलं.

"त्रेसष्ट."

"किती?"

"त्रेसष्ट, भावोजी. शंभरच्या आत. आणि हलत नाही."

साहेबांनी डोळे उघडले. मीटरकडे बघितलं, मेहुण्याकडे बघितलं, पुन्हा मीटरकडे. आता हे काय फेकतात म्हणून टापटीपने नकळत डोकं खाली घातलं. पण साहेब काही फेकेनात. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि गारठ्याने ते पापण्यांवरच थिजायला लागलं.

"मला संशय होता रे," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून होता. चोवीस वर्षं हेच काम केलंय मी, जोडावर शून्य येत नाही हे मला कळत नाही का? त्या पोरीने पुन्हा मोजू म्हटलं तेव्हा मी त्यासाठीच ओरडलो. काचेची पेटी मी दुसऱ्या कोणी हात लावू नये म्हणून नव्हती आणली. मी हात लावू नये म्हणून आणली. पुन्हा मोजलं आणि गेलं तर? इतकं बरं चाललं होतं. घरात सगळे माझ्याशी बोलायला लागले होते." त्यांनी बाहीने नाक पुसलं. "तू बोलला नसतास तर मीही बोललो नसतो. बत्तीस माणसांना मी पाठवून दिलं असतं, कप हातात घेऊन."

टापटीपने भावोजींच्या गळ्यात हात टाकले, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांच्या पाठीला धूळ होती, सदरा चुरगळला, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. दोघंही रडायला लागले, मोठ्याने, लाज सोडून. वर डेकवर चष्मेवालीला वाटलं, झालं, चाचणी नापास झाली, आणि तिनेही रडायला सुरुवात केली.

"अहो!" पाइपांखालून आवाज आला. "तुमचं घरचं आटोपलं असेल, तर माझ्या पायांवरून उठता का? त्रेसष्ट लिहून सही करायचीय मला, आणि बत्तीस जण जेवायला थांबलेत."